नव्वद मिनिटांनंतरचा खेळ

१ जुलै २०१८. रशियातल्या निझ्नी नोव्हगोरोदमध्ये क्रोएशिया आणि डेन्मार्क यांचा वर्ल्डकपच्या बाद फेरीतला सामना. पहिल्या चार मिनिटांतच दोन्हीकडून एकेक गोल झाला आणि त्यानंतर जवळजवळ दोन तास कुणालाच गोल करता आला नाही. जादा वेळ संपायला चारेक मिनिटं उरली असताना क्रोएशियाला पेनल्टी मिळाली. कर्णधार लुका मॉड्रिचने चेंडू ठेवला, मारला आणि डेन्मार्कचा गोलकीपर कास्पर श्मायकेलने तो धरला. वर प्रेक्षकांत त्याचे वडील पीटर, आपल्या काळातले नावाजलेले गोलकीपर, आनंदाने ओरडत होते.

थोड्याच वेळात टायब्रेकर सुरू झाला. क्रोएशियाकडून तिसऱ्या पेनल्टीला कोण यावं? मॉड्रिचच. समोर तोच श्मायकेल. बत्तीस वर्षांचा, एकशे वीस मिनिटं धावलेला, नुकतीच देशाची संधी घालवून बसलेला हा माणूस पुन्हा चेंडूपाशी चालत गेला आणि त्याने गोल केला. शेवटची पेनल्टी इव्हान रॅकिटिचने मारली आणि क्रोएशिया ३-२ असा पुढे गेला.

बाद फेरीचा सामना नव्वद मिनिटांत निकाली निघाला तर तोही उत्तम सामना असू शकतो. पण संघाच्या अंगात अजून काय शिल्लक आहे हे कळतं त्यापुढच्या अर्ध्या तासात, असं माझं ठाम मत आहे. हा अर्धा तासच काढून टाका, बरोबरी झाली की थेट पेनल्टी घ्या, अशी मागणी अधूनमधून होत असते. काही स्पर्धांनी ते केलंही आहे. मला ते मान्य नाही.

मी कोल्हापूरची. आमच्या गावात फुटबॉल पेठेबरोबर येतो. पाटाकडील, शिवाजी तरुण मंडळ, दिलबहार, बालगोपाल, प्रॅक्टिस क्लब, खंडोबा. या संघांची नावं आमच्याकडे लहान पोरांनाही पाठ असतात, आणि शाहू स्टेडियमवर यांच्यातला सामना असला की एकाच घरातली माणसं दोन बाजूंना बसतात. वर्ल्डकप आला की याच गल्ल्यांत ब्राझील आणि अर्जेंटिनाचे झेंडे लागतात, चौकात खेळाडूंचे मोठाले फलक उभे राहतात. आमचे आबा ब्राझीलचे, धाकटा भाऊ अर्जेंटिनाचा. मी फिजिओथेरपिस्ट आहे. पेठेतल्या संघांतली पोरं मांडी धरली, घोटा मुरगळला की माझ्याकडे येतात. त्यामुळे सामना बघताना माझं लक्ष चेंडूइतकंच खेळाडूंच्या पोटऱ्यांकडे असतं.

नियम साधा आहे. साखळी फेरीत बरोबरी चालते, दोघांना एकेक गुण मिळतो. बाद फेरीत बरोबरी चालत नाही, कुणीतरी घरी जायलाच हवं. नव्वद मिनिटांत निकाल लागला नाही तर पंधरा-पंधरा मिनिटांचे दोन भाग खेळायचे. मध्ये घोटभर पाणी पिण्यापुरती सवड आणि लगेच बाजू बदलायची. तरीही बरोबरी राहिली तर प्रत्येकी पाच पेनल्टी, आणि त्यातही समान राहिले तर एकेक.

ही पद्धत सुचायला बराच काळ गेला. १९६८च्या युरोपियन स्पर्धेत इटली आणि सोव्हिएत संघ यांची उपांत्य लढत नेपल्समध्ये झाली. एकशे वीस मिनिटांत गोल झाला नाही, मग नाणं उडवलं. इटलीचा कर्णधार फाकेत्तीने कौल जिंकला आणि इटली अंतिम फेरीत गेली. सोव्हिएत खेळाडू नाण्यामुळे अंतिम फेरीला मुकले. दोन वर्षांनी, १९७० मध्ये, फुटबॉलचे नियम ठरवणाऱ्या मंडळाने पेनल्टीची पद्धत स्वीकारली. वर्ल्डकपमध्ये ती पहिल्यांदा वापरावी लागली १९८२ साली सेव्हियामध्ये, पश्चिम जर्मनी आणि फ्रान्सच्या उपांत्य सामन्यात. जादा वेळेत फ्रान्स ३-१ असा पुढे होता. रुमेनिगेने एक गोल फेडला, फिशरने हवेत उलटी किक मारून दुसरा फेडला आणि पेनल्टीवर जर्मनी जिंकली.

मधल्या काळात ‘गोल्डन गोल’ नावाचा एक प्रयोगही झाला. जादा वेळेत जो पहिला गोल करील तो जिंकला, सामना तिथेच थांबला. १९९८ आणि २००२ च्या वर्ल्डकपमध्ये हा नियम होता. हेतू असा, की संघ हल्ला करतील आणि खेळ रंगेल. पण एक गोल बसला की उत्तर द्यायची संधीच नाही म्हटल्यावर बरेच संघ हल्ला करायचं सोडून गोल वाचवत बसले. १९९८ मध्ये लॉरां ब्लांने ११४व्या मिनिटाला पराग्वेवर गोल केला तेव्हा पराग्वेचे खेळाडू जागच्या जागी कोसळले. त्यांचा गोलकीपर चिलावर्त एकेकाजवळ जाऊन त्यांना उठवत होता. दोन तास त्यांनी यजमान फ्रान्सला रोखून धरलं होतं, आणि राहिलेली सहा मिनिटं त्यांना खेळायलाही मिळाली नाहीत. २००४ नंतर हा नियम गेला आणि मला त्याचं समाधान आहे.

समजा तो नियम आधीपासून असता तर काय झालं असतं? १९७०चा मेक्सिकोमधला इटली-पश्चिम जर्मनी उपांत्य सामना घ्या. नव्वद मिनिटं संपता संपता श्नेलिंगरने जर्मनीला १-१ अशी बरोबरी साधून दिली आणि त्यानंतरच्या अर्ध्या तासात पाच गोल झाले. म्युलरने जर्मनीला पुढे नेलं, बुर्न्यिचने फेडलं, रिव्हाने इटलीला पुढे नेलं, म्युलरने पुन्हा फेडलं आणि पुढच्याच मिनिटाला रिव्हेराने इटलीला ४-३ असं जिंकवलं. बेकेनबाउअरचा खांदा निखळला होता. बदली खेळाडू संपलेले, म्हणून हात छातीशी बांधून तो शेवटपर्यंत खेळला. आजही अझ्टेका स्टेडियमवर या सामन्याच्या आठवणीची पाटी आहे. गोल्डन गोल असता तर हा सामना ९४व्या मिनिटाला संपून जर्मनी अंतिम फेरीत गेली असती. आणि थेट पेनल्टीचा नियम असता तर या पाचपैकी एकही गोल झाला नसता.

त्या अर्ध्या तासात शरीरात काय चालतं ते थोडं सांगते. मधल्या फळीतला खेळाडू नव्वद मिनिटांत साधारण दहा-अकरा किलोमीटर धावतो. ते सलग धावणं नसतं. चालणं, थांबणं, एकदम झेपावणं, वळणं, पुन्हा झेपावणं. अशा झेपांसाठी स्नायूंना लागतं ग्लायकोजेन, म्हणजे स्नायूंत आणि यकृतात साठवलेली साखर. सामन्याच्या शेवटाकडे हा साठा बराच उतरलेला असतो. मग झेप आखूड होते, पाय जमिनीवरून कमी उचलला जातो, चेंडू पहिल्याच स्पर्शात हातभर लांब जातो. पोटऱ्यांत गोळे येतात ते निव्वळ पाणी कमी पडल्यामुळे असं लोकांना वाटतं, पण थकलेल्या स्नायूला मज्जातंतूंकडून जाणारे इशारे बिघडणं हे त्याचं मोठं कारण मानलं जातं. अशा वेळी वीस मीटर मागे धावत जाऊन आपला माणूस पकडायचा की नाही, हे खेळाडूला प्रत्येक वेळी नव्याने ठरवावं लागतं. पहिल्या तासात ते आपोआप होतं. शंभराव्या मिनिटाला त्यासाठी मन करावं लागतं, आणि कोण मन करतोय ते बघणाऱ्याला दिसतं.

याचं मला सगळ्यांत ठळक आठवणारं उदाहरण म्हणजे त्याच २०१८ च्या स्पर्धेतला क्रोएशियाचा पुढचा सामना. ७ जुलै, सोची, समोर यजमान रशिया. स्कोअर १-१. नव्वद मिनिटं संपत आली असताना क्रोएशियाचा गोलकीपर डॅनियेल सुबाशिचने मांडीची मागची बाजू धरली. हॅमस्ट्रिंग. क्रोएशियाचे तिन्ही बदली खेळाडू वापरून झाले होते. त्या वर्ल्डकपमध्ये जादा वेळेसाठी चौथा बदली खेळाडू द्यायला नुकतीच परवानगी मिळाली होती, म्हणजे अजून एक बदल हाताशी होता. पण जादा वेळ सुरू होऊन काही मिनिटं होतात तोच उजव्या बाजूचा बचावपटू व्हर्साल्को जायबंदी झाला आणि तो बदल त्याच्यासाठी गेला. सुबाशिच आतच राहिला.

हॅमस्ट्रिंग दुखावलेली असताना चालणं जमतं. जमत नाही ते एका पायावर रेटा देऊन आडवं उडी मारणं, आणि गोलकीपरचं कामच ते. विडाने डोक्याने गोल करून क्रोएशियाला २-१ असं पुढे नेलं, ११५व्या मिनिटाला मारिओ फर्नांडेसने रशियासाठी तो फेडला आणि सगळा भार या माणसाच्या दुखऱ्या पायावर आला. रशियाची पहिलीच पेनल्टी स्मोलोव्हने मारली आणि सुबाशिचने ती अडवली. पुढे मॉड्रिचची पेनल्टी गोलकीपरच्या हाताला लागून, खांबावर आपटून आत गेली. शेवटची पुन्हा रॅकिटिचने मारली. माझ्याकडे हॅमस्ट्रिंग घेऊन आलेल्या कुठल्याही मुलाला मी असं खेळू देणार नाही, आणि तरीही त्या रात्री त्या गोलकीपरने जे केलं त्याबद्दल माझ्या मनात निखळ आदर आहे.

चारच दिवसांनी मॉस्कोत इंग्लंडशी उपांत्य सामना. पुन्हा १-१, पुन्हा जादा वेळ, आणि १०९व्या मिनिटाला मांझुकिचचा गोल. लागोपाठ तीन सामन्यांत तीस-तीस मिनिटं, म्हणजे अंतिम फेरीत येईपर्यंत क्रोएशिया फ्रान्सपेक्षा एक अख्खा सामना जास्त खेळला होता. फ्रान्सने अंतिम सामना ४-२ असा जिंकला. तेव्हा बऱ्याच लोकांनी म्हटलं, की दमलेल्या संघाला ताज्या संघासमोर उभं करणं हा अन्याय आहे. मला तसं वाटत नाही. अर्जेंटिना, उरुग्वे आणि बेल्जियम यांना फ्रान्सने नव्वद मिनिटांत हरवलं होतं, तो ताजेपणा फ्रान्सने कमावला होता. आणि चाळीसेक लाख वस्तीचा क्रोएशिया अंतिम फेरीत पोचला तो या तीन अर्ध्या तासांच्या जोरावरच.

चार वर्षांनी कतारमध्ये हाच संघ पुन्हा तसाच खेळताना मी पाहिला. ९ डिसेंबर २०२२ ची रात्र कोल्हापुरात कुणी विसरलेलं नाही, कारण एकाच रात्रीत ब्राझील गेलं आणि अर्जेंटिना राहिलं. आपल्याकडे साडेआठला ब्राझील-क्रोएशिया सुरू झाला. नव्वद मिनिटं गोलशून्य. जादा वेळेच्या पहिल्या भागात, अगदी मध्यंतराच्या तोंडावर, नेमारने दोन-तीन जणांना चकवून, गोलकीपरलाही वळसा घालून जो गोल केला तो अर्जेंटिनावाल्या भावानेही वाखाणला. गल्लीत फटाके सुरू झाले. आबांनी मात्र हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. “थांबा रं, अजून पंधरा मिन्टं हाईत.”

ब्राझील तिथे चुकलं. एका गोलने पुढे असताना, संपायला चार मिनिटं असताना त्यांची माणसं पुढे होती. चेंडू निसटला, ऑर्शिच डावीकडून पळाला, त्याने मध्ये दिला आणि पेटकोविचने मारलेला चेंडू ब्राझीलच्या मार्किन्योसला लागून जाळ्यात गेला. मिनिट ११७. साऱ्या सामन्यात क्रोएशियाचा गोलवर नेमका गेलेला फटका तो एकच. ऑर्शिच आणि पेटकोविच दोघेही बदली खेळाडू. सदतीस वर्षांचा मॉड्रिच मात्र पूर्ण वेळ मैदानात होता.

टायब्रेकरमध्ये ब्राझीलची पहिली पेनल्टी एकवीस वर्षांच्या रॉड्रिगोने मारली आणि क्रोएशियाचा गोलकीपर लिव्हाकोविचने ती अडवली. चौथी मार्किन्योसने खांबावर मारली आणि संपलं. पाचव्या पेनल्टीसाठी राखून ठेवलेला नेमार मध्यरेषेवरच राहिला. आबा एवढंच म्हणाले, “नेमारला पैलं धाडाय पायजे हुतं.” मी त्यांच्याशी पूर्ण सहमत आहे. चांगला मारणारा शेवटी ठेवायचा तर तोवर सामना टिकेल याची खात्री हवी, आणि ती कुणालाच देता येत नाही.

भाऊ लगेच म्हणाला, “आबा, झोपू नका, आमचा सामना हाय अजून.” साडेबाराला नेदरलँड्स-अर्जेंटिना. अर्जेंटिना २-० असा पुढे असताना उंचपुरा वेगहोर्स्ट बदली म्हणून आला, त्याने डोक्याने एक गोल केला, आणि भरपाई वेळेच्या अकराव्या मिनिटाला फ्री किकवर सगळे थेट फटक्याची वाट बघत असताना चेंडू हळूच त्याच्या पायात आला, दुसरा गोल. इथे कुणालाही वाटावं की अर्जेंटिना आता ढासळणार. नियम थेट पेनल्टीचा असता तर त्या धक्क्यातच त्यांना उभं राहावं लागलं असतं. जादा वेळेने त्यांना सावरायला जागा दिली. त्या अर्ध्या तासात उलट त्यांनीच डच गोलवर मारा केला, शेवटी एन्झो फर्नांडेसचा फटका खांबावर आदळला. मग अर्जेंटिनाचा गोलकीपर मार्टिनेझने दोन पेनल्टी अडवल्या आणि पहाटे तीन वाजून गेल्यावर आमच्या गल्लीत दुसऱ्यांदा फटाके वाजले.

पेनल्टी म्हणजे नशिबाचा खेळ, हे वाक्य दर स्पर्धेला ऐकू येतं. ते खरं नाही. २००६ मध्ये बर्लिनला अर्जेंटिनाविरुद्ध जर्मनीचा गोलकीपर लेहमन दर पेनल्टीआधी मोज्यातून एक चिठ्ठी काढून वाचत होता. कुठला खेळाडू कुठे मारतो याची ती टिपणं होती. त्याने दोन अडवल्या. दुसरी मारणाऱ्या काम्बियासोचं नाव त्या चिठ्ठीत नव्हतंच, पण लेहमन कागद वाचतोय हे तर काम्बियासोला दिसत होतं. २०१४ मध्ये नेदरलँड्सचे प्रशिक्षक लुई व्हॅन गाल यांनी कोस्टारिकाविरुद्ध शेवटचा बदल थेट १२० व्या मिनिटापर्यंत राखून ठेवला आणि फक्त पेनल्टीसाठी नवा गोलकीपर टिम क्रुल आत पाठवला. त्याने दोन अडवल्या. पुढच्याच सामन्यात, अर्जेंटिनाविरुद्ध, जादा वेळेत दमलेला पुढचा खेळाडू बदलावा लागला, बदल संपले, क्रुल बाकावरच राहिला आणि नेदरलँड्स हरलं. म्हणजे पेनल्टीची तयारीसुद्धा त्या तीस मिनिटांतच होत असते. कुणाला बाहेर काढायचं, कुणाला राखायचं, कोण उरणार, याचा हिशेब तिथे होतो.

महिलांच्या फुटबॉलमधला माझा सर्वांत आवडता सामनाही त्या जादा अर्ध्या तासामुळेच आवडता आहे. २०११ चा वर्ल्डकप, फ्रँकफर्टला अमेरिका आणि जपान यांची अंतिम लढत. जपानमध्ये भूकंप आणि त्सुनामीचा उत्पात होऊन चार महिने झाले होते. अमेरिका दोनदा पुढे गेली, जपानने दोनदा फेडलं. दुसऱ्यांदा फेडलं ते कर्णधार होमारे सावाने, ११७व्या मिनिटाला, कॉर्नरवर गर्दीतून पुढे झेपावत, बाहेरच्या कडेने चेंडू वळवून. तोवर जपान कधीच अमेरिकेविरुद्ध जिंकलेलं नव्हतं. पेनल्टीवर ३-१ असं जिंकून ते पहिल्यांदा जगज्जेते झाले. पेठेतल्या ज्या मुली आता फुटबॉल खेळतात त्यांना मी सावाचा तो गोल आवर्जून दाखवते.

आता थेट पेनल्टीवाल्यांचं म्हणणं. त्यांच्या मुद्द्यात तथ्य आहे, हे मी माझ्या व्यवसायामुळे इतरांपेक्षा जास्त मानते. खेळाडूंचं वेळापत्रक फार भरलंय, त्यांची जागतिक संघटना फिफप्रो वर्षानुवर्षं तेच सांगतेय. दमलेल्या स्नायूला दुखापत लवकर होते. दक्षिण अमेरिकेच्या कोपा स्पर्धेत तर अंतिम सामना सोडला तर जादा वेळ नाहीच. २०२४ मध्ये तिथल्या चारपैकी तीन उपांत्यपूर्व सामन्यांचा निकाल थेट पेनल्टीवर लागला. नव्वद मिनिटांनंतर उरुग्वे ब्राझीलचं काय करू शकला असता, इक्वेडोरने अर्जेंटिनाला आणखी किती छळलं असतं, हे कुणालाच बघायला मिळालं नाही. त्याच स्पर्धेचा अंतिम सामना मायामीला झाला. मेस्सी घोटा दुखावून बाहेर बाकावर रडत बसलेला. अर्जेंटिना आणि कोलंबिया नव्वद मिनिटं गोलशून्य. इथे नियमाने जादा वेळ होता, आणि लाउतारो मार्टिनेझने ११२व्या मिनिटाला गोल करून सामना जिंकला. तो जादा वेळेतच मैदानात आला होता.

२०२६ पासून वर्ल्डकपमध्ये ३२ ऐवजी ४८ संघ, बाद फेरी ३२ संघांची, आणि कप उचलायचा तर सातऐवजी आठ सामने. ओझं वाढलं ते इथे. क्लबांचे हंगाम लांबले, नव्या स्पर्धा आल्या, सराव सामन्यांसाठी संघ महासागर ओलांडून फिरतात, ते ओझंही आहेच. हे कमी करायला बक्कळ जागा आहे. बाद फेरीच्या दोन सामन्यांत एक दिवस विश्रांती वाढवा. जादा वेळेसाठी आज एक बदली खेळाडू जास्त मिळतो, तिथे दोन द्या. सुबाशिचसारख्याला मग दुखऱ्या पायाने उभं राहावं लागणार नाही. गोळा आलेल्या खेळाडूला तपासायला डॉक्टरांना अर्धं मिनिट जास्त द्या, माझी त्याला आनंदाने संमती आहे. त्या तीस मिनिटांना मात्र हात लावू नका.